फ्यूज उडत नाही, पण ठिणगी पडते

शेतकरी मंडळी, हा अंक हातात असेल तर वाचता वाचता एकदा मान वर करून घरातल्या विजेच्या बोर्डाकडे बघा. हिवाळ्यात आंघोळीचं पाणी तापवायला ज्या सॉकेटमध्ये रॉड लावता, त्याच्या भोकाभोवतीचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलंय का? रॉडची पिन काढल्यावर बोटाला चटका बसतो का? पंख्याचं बटन दाबलं की आत कुठेतरी चर्रर्र आवाज होतो आणि मग पंखा फिरायला लागतो, असं होतं का? यातल्या एकाचं जरी उत्तर ‘हो’ असेल, तर हा लेख पुरता वाचा.

आपल्याकडे घराला, गोठ्याला किंवा कडब्याच्या गंजीला आग लागली की पंचनाम्यात एक ठरलेला शब्द पडतो: ‘शॉर्टसर्किट’. लिहिणाऱ्याला तो सोपा, वाचणाऱ्याला ओळखीचा. पण घरधनी कपाळावर हात मारून सांगत असतो, “अहो, मागच्याच वर्षी नवीन एमसीबी बसवला होता. तो पडला कसा नाही?” त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. शॉर्टसर्किट झालं असतं तर एमसीबीचा खटका बहुधा खाली पडला असता. तो पडला नाही, कारण पुष्कळदा तिथे शॉर्टसर्किट झालेलंच नसतं. तिथे पडलेली असते ठिणगी. एकदा नव्हे, महिनोन्‌महिने, रोज थोडी थोडी. कारखान्यातली माणसं तिला ‘आर्क’ म्हणतात आणि ती ओळखणाऱ्या उपकरणाला ‘आर्क फॉल्ट’ ब्रेकर. हे उपकरण काय आहे, आपल्या कामाचं किती आणि बिनकामाचं किती, हे आज बघू.

आधी एमसीबीला नेमकं काय कळतं ते समजून घ्या. त्यावर ‘सी 16’ असं काही छापलेलं असतं. 16 म्हणजे 16 अँपिअर. त्याला दोनच गोष्टी कळतात. एक, ठरल्यापेक्षा जास्त विजेचा प्रवाह बराच वेळ वाहतोय. दुसरी, प्रवाह एकदम उसळलाय. आणि ‘बराच वेळ’ म्हणजे किती, हे ऐकून तुम्ही चकित व्हाल. 16 अँपिअरच्या एमसीबीतून 23 अँपिअरच्या आसपास प्रवाह गेला तर तो तासाभराच्या आत पडला पाहिजे, असं त्याचं मानक सांगतं. क्षणात पडायचा तर सी जातीच्या एमसीबीला पाच ते दहा पट, म्हणजे 80 ते 160 अँपिअर लागतात. मोटर सुरू होताना काही क्षण पाच-सहा पट प्रवाह ओढते, तेवढ्याने तो पडू नये म्हणून ही सवलत ठेवलेली असते.

दुसरं उपकरण आरसीसीबी, ज्याला जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. तो फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज यांचा हिशेब जुळवत बसतो. हिशेबात फरक पडला म्हणजे वीज भिंतीत, जमिनीत किंवा माणसाच्या अंगात उतरते आहे, असं समजून तो पडतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा लागतो. माणसाचा जीव वाचवायला याच्यासारखा राखणदार नाही.

आता सैल पिनेतल्या ठिणगीचं बघा. आपल्या भाषेत सांगायचं तर पाटाचं उदाहरण घ्या. एमसीबी हा असा पाटकरी आहे की जो पाटात ठरल्यापेक्षा जास्त पाणी सुटलंय का एवढंच बघतो. आरसीसीबी हा दुसरा पाटकरी, तो वर सोडलेलं पाणी आणि खाली पोचलेलं पाणी मोजतो, कमी भरलं तर कुठे पाट फुटलाय म्हणून ओरडतो. पण मध्येच एका जागी दगड आडवा पडला, पाणी जास्त नाही, गळतही नाही, फक्त त्या दगडापाशी उसळून काठ पोखरतंय. दोन्ही पाटकरी म्हणणार, सगळं ठीक आहे. सैल जोडाच्या ठिणगीचं हेच आहे. उलट तिच्यामुळे प्रवाह थोडा कमीच होतो. मग खटका पडायचा कसा?

आकड्यांत सांगतो. 1500 वॅटचा रॉड 230 व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर घेतो. पिन सैल आहे, तिथे ठिणगीत समजा फक्त 10 व्होल्ट खर्ची पडले. म्हणजे 65 वॅटची उष्णता. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची शिसं वितळवणारी सोल्डरिंगची कांडी बघितली असेल, ती पुष्कळदा 25 वॅटची असते. इथे त्याच्या अडीचपट उष्णता बाजरीच्या दाण्याएवढ्या जागेत, बंद सॉकेटच्या आत. ठिणगीचं स्वतःचं तापमान काही हजार अंशांत असतं आणि आपल्या नेहमीच्या वायरीचं पीव्हीसी प्लास्टिक 70 अंशांपर्यंतच्या कामासाठी बनवलेलं असतं. ते आधी मऊ होतं, मग काळं पडतं, मग त्याचा कोळसा होतो. खरी गोम इथे आहे. प्लास्टिक विजेला अडवतं, पण कोळसा तिला वाट देतो. एकदा कोळशाची रेघ तयार झाली की ठिणगीला पायवाट मिळते, आणि पायवाटेची गाडीवाट व्हायला वेळ लागत नाही.

गावाकडे आणखी एक भानगड आहे. तुमचं घर डीपीपासून लांब, मधली सर्व्हिस वायर बारीक, घरातली वायर त्याहून बारीक. अशा ठिकाणी फेज-न्यूट्रल खरोखरीच एकमेकांना घासू लागले तरी प्रवाह 80-100 अँपिअरपर्यंत उसळेलच असं नाही. वायरच त्याला अडवते. म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जो एमसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत पडेल, तोच वस्तीवरच्या घरात रेंगाळतो. आणि तिथे एमसीबीऐवजी जुना किटकॅट फ्यूज असून त्यात कुणी दामटून जाड तार भरली असेल, तर विषयच संपला. फ्यूजची तार जाड केली म्हणजे घराचीच फ्यूज केली.

गोठा, उंदीर आणि कुट्टी मशीन

घरात निदान कुणीतरी जागं असतं. गोठ्याचं काय? दौंड, शिरूर, इंदापूर, बारामती या भागात गोठ्याला लागूनच वैरणीची जागा असते. कडबा, सरमाड, भुसकट. त्याच्या डोक्यावरून पन्हळी पत्र्याला बांधलेली वायर जाते. पत्र्याची धार वायर कापते. उंदीर कुरतडतो. त्याला तांब्याशी देणं-घेणं नाही, त्याचे दात वाढत असतात म्हणून तो काहीही कुरतडतो. आणि खाली कुट्टी मशीन. दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर चालू स्थितीत दहाएक अँपिअर घेते, व्होल्टेज कमी असलं तर आणखी ओढते. तिला वीज मिळते कशातून? बऱ्याच ठिकाणी दोन तुकडे पिळून वर काळी टेप गुंडाळलेल्या वायरीतून. मशीनच्या हादऱ्याने तो पीळ रोज सुतासुताने सैल होतो. टेपेचा चिकटपणा एका उन्हाळ्यात जातो. मग एखाद्या दिवशी पहाटे धार काढायला गेलेल्या माणसाला जळकट वास येतो. वास आला तर नशीब म्हणायचं.

भोर, मुळशी, मावळकडे त्रास वेगळा. तिथे चार महिने पावसाची झड, भिंती ओल्या, बोर्डात बुरशी. तांब्यावर हिरवट थर चढला की जोड आपोआप ढिला पडतो. लाकडी वासे-तुळयांच्या जुन्या घरांत वायर थेट लाकडावर ठोकलेली असते. पुण्यातल्या कसबा, शनिवार, सदाशिव या पेठांत जे काही जुने वाडे उरलेत, तिथेही लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग अजून सापडतं. तेव्हा एका खोलीत एक दिवा आणि एक पंखा धरून ते केलेलं होतं. आज त्याच वायरीवर फ्रीज, मिक्सर, गिझर.

वायरीला कान लावून बसणारं उपकरण

ज्यांनी ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी पुणे केंद्राचे शेतीचे कार्यक्रम ऐकले आहेत, त्यांना एक अनुभव असणारच. शेजारी कुणी दिव्याचं बटन दाबलं, की रेडिओत ‘खर्रर्र’ व्हायचं. ठिणगी पडली की तिच्यातून रेडिओलहरी निघतात, त्या मिडियम वेव्हच्या रेडिओला ऐकू येतात. आर्क फॉल्ट ब्रेकर म्हणजे मूळ कल्पनेत वायरीला कान लावून बसलेला एक छोटा रेडिओच. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, म्हणजे तिचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. दर वेळी ठिणगी क्षणभर विझते आणि पुन्हा पेटते. हा विझण्या-पेटण्याचा ठेका आणि त्याबरोबरची खरखर, दोन्ही जुळलं की उपकरणातली इलेक्ट्रॉनिक पट्टी ठरवते की ही खरीखुरी, टिकून राहिलेली ठिणगी आहे, आणि खटका पाडते.

बटन दाबताना पडणारी एखादी ठिणगी, मिक्सरच्या किंवा ड्रिल मशीनच्या कार्बन ब्रशमधली चमक, यांना तिने सोडून द्यायचं असतं. हे ओळखणंच अवघड काम. अमेरिकेत 1999 च्या राष्ट्रीय वीज संहितेत झोपायच्या खोल्यांतल्या सॉकेटना हा ब्रेकर लावण्याची अट आली आणि ती 2002 च्या आरंभापासून अमलात आली. सुरुवातीच्या मालाविषयी लोकांची ओरड होती की झाडलोटीचं यंत्र लावलं तरी हा पडतो. पुढे माल सुधारला, 2008 साली अट बैठकीच्या आणि इतर खोल्यांनाही लागू झाली. युरोपात त्याला ‘एएफडीडी’ म्हणतात, आपल्या बाजारातही हेच नाव चालतं. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 62606 हे 2013 मध्ये आलं. त्यात वेळेची मर्यादा घातलेली आहे: ठिणगीचा प्रवाह अडीच अँपिअर असेल तर एका सेकंदाच्या आत पडायचं, 10 अँपिअर असेल तर पाव सेकंदात. मघाच्या साडेसहा अँपिअरच्या रॉडचा हिशेब करून बघा, अर्ध्या सेकंदाच्या आत वीज बंद.

जर्मनीत 2016 मध्ये लाकडी घरं वगैरे काही ठिकाणी त्याची सक्ती झाली आणि 2019 मध्ये ती सैल करून ‘धोका किती आहे ते बघून ठरवा’ असं म्हटलं गेलं. म्हणजे विलायतेतही त्यावर एकमत नाही, हे लक्षात असू द्या. पण आंतरराष्ट्रीय वायरिंग नियमांत हे कुठे लावावं म्हणून जी ठिकाणं सुचवली आहेत, त्यातली दोन वाचून मी थबकलो. एक, झोपायच्या खोल्या. दुसरं, जिथे पेट घेणारा माल साठवलेला असतो अशा जागा, आणि तिथे उदाहरणादाखल चक्क धान्य-वैरणीची कोठारं आहेत. म्हणजे आपला गोठा. आणि ब्रिटनच्या 2022 च्या नियमदुरुस्तीत सक्ती केलेल्या ठिकाणांत विद्यार्थ्यांची वसतिगृहं आहेत.

पेठेतल्या खोलीत तुमचा मुलगा

विद्यार्थ्यांवरून मुद्दाम सांगतो. तुमच्यापैकी कितीजणांची मुलं-मुली स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पुण्यात आहेत? सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ. जुन्या इमारतीतली एक खोली, त्यात तीन-चार कॉट. महिन्याच्या महिन्याला तुम्ही पैसे धाडता, एसटीने येऊन भाकरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी देऊन जाता. कधी त्या खोलीतला बोर्ड बघितला का? एका सॉकेटला एक स्वस्तातला एक्स्टेंशन बोर्ड, त्यात चार मोबाईलचे चार्जर, टेबलफॅन, दिवा. सकाळी त्याच्यावरच बादलीतला रॉड. रात्री कुणाची इंडक्शनची शेगडी. एक्स्टेंशनची वायर कॉटच्या पायाखालून गेलेली, वरून गादीची कडा. पाय रोज त्या वायरीवर दाबतो. आतल्या बारीक तारा एकेक करून तुटतात, उरलेल्या चार-दोन तारांतून सगळी वीज जाते, मग त्याही तुटतात आणि तुटलेल्या टोकांत ठिणगी खेळायला लागते. वर कापूस आहे, पुस्तकं आहेत, झोपलेली पोरं आहेत.

रॉड साडेसहा अँपिअरचा, शेगडीही जवळपास तेवढीच किंवा जास्त. बाजारातल्या हलक्या एक्स्टेंशनवर 6 अँपिअर लिहिलेलं असतं, आणि लिहिलेलं तरी खरं असेलच असं नाही. ही दोन उपकरणं एक्स्टेंशनवर नकोतच. त्यांना भिंतीतलं 16 अँपिअरचं मोठं सॉकेट लागतं. घरमालकाला हे सांगायला पोरं लाजतात, भाडं वाढवील म्हणून भितात. तुम्ही बाप आहात, तुम्ही सांगा.

असं एक एक्स्टेंशन माझ्याही घरी होतं. रोज इस्त्री त्यावरच. पिन तपकिरी झालेली सगळ्यांना दिसत होती, कुणी काही केलं नाही. एके दिवशी इस्त्री गरम होईना म्हणून पिन हलवली, तर पिन सॉकेटला चिकटून बसलेली. पक्कड लावून ओढली तेव्हा सॉकेटचा आतला पितळी तुकडाच बाहेर आला. एमसीबी आपल्या जागी, खटका वर, काही झालंच नाही अशा थाटात. या विषयाच्या मागे मी लागलो तो तेव्हापासून.

आधी काय, मग काय

तपकीर गल्ली तुम्हाला ठाऊक असेल. बुधवार पेठेतला विजेच्या सामानाचा बाजार, जिथे जिल्ह्यातल्या निम्म्या वायरमनांचं येणं-जाणं असतं. तिथे जाऊन एएफडीडी मागितलात तर सगळीच दुकानं लगेच काढून देतील असं नाही, काहींना मागवावं लागेल. किंमत साध्या एमसीबीच्या कितीतरी पट. म्हणून माझं स्पष्ट मत असं की, हा पहिला खर्च नव्हे. फाटक्या छपराखाली ताडपत्री न घालता नवीन फरशी बसवण्यासारखं ते होईल.

पहिला खर्च अर्थिंगचा. खड्डा बुजून, तार गंजून गेलेली असेल तर बाकी सगळं व्यर्थ. मग किटकॅट काढून योग्य मापाचा एमसीबी. इथे ‘योग्य’ म्हणजे वायरीला साजेसा. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर 32 अँपिअरचा एमसीबी लावला तर वायर जळेल, एमसीबी शाबूत राहील. दिव्यांच्या वायरीला 6 किंवा 10, पॉवरच्या अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीला 16. वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणारा वायरमन दारात उभा करू नका. त्यानंतर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. अनेक घरांत तो बसवलेला असतो पण ‘सारखा पडतो’ म्हणून बाजूला टाकलेला असतो. अहो, तो सारखा पडतो म्हणजे घरात कुठेतरी वीज गळते आहे, किंवा कुणीतरी न्यूट्रलऐवजी अर्थिंगवर दिवा चालवतोय. वैद्याने ताप आहे म्हटलं म्हणून वैद्याला घालवून देण्यातला प्रकार. त्यावर एक ‘टी’ लिहिलेलं बटन असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे.

आणि जोड. ठिणगीचं माहेर जोडात आहे. पिळून टेप लावलेले जोड काढून टाका, वायर अखंड ठेवा, जोड द्यावाच लागला तर स्क्रूच्या कनेक्टरमध्ये, डबीच्या आत. बोर्डातले स्क्रू वर्षातून एकदा, मेन स्विच बंद करून, जाणत्याकडून आवळून घ्या. गोठ्यातली वायर पाइपातून घ्या, पत्र्याच्या भोकातून उघडी नको. वायरीवर, एमसीबीवर, सॉकेटवर आयएसआयचा शिक्का बघून घ्या. पुष्कळ घरांची एवढ्यानेच निम्मी काळजी मिटेल, आणि तपकीर गल्लीतलं बिलही तुमच्या अंदाजापेक्षा कमीच होईल.

हे सगळं झालं, आणि घर लाकडी आहे, किंवा कडब्याशेजारी मशीन आहे, किंवा म्हातारी माणसं एकटी झोपतात अशी खोली आहे, तर मग त्या एका सर्किटपुरता एएफडीडी लावा. सगळ्या घराला लावायची गरज नाही. घेताना दोन गोष्टी विचारा. त्यात एमसीबीचं कामही आहे की वेगळा एमसीबी लावायचा? कमी व्होल्टेजला तो कुठपर्यंत चालतो? हा इलेक्ट्रॉनिक माल आहे. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज 160-170 वर येत असेल तर विचारलेलं बरं. दर सर्किटचा न्यूट्रल वेगळा असावा लागतो. दोन सर्किटना एकच न्यूट्रल वाटून दिलेला असेल, आणि आपल्याकडे तो असतोच, तर आधी ते निस्तरावं लागेल. आणि हाही काही सर्वज्ञ नाही. जोड सैल आहे पण ठिणगी न पडता नुसता लालबुंद तापतोय, असंही होतं. ते याला कळेलच असं नाही. तिथे तुमचा हात आणि तुमचं नाकच उपयोगी. वेल्डिंगचं मशीन लावायच्या सॉकेटला तर हा लावूच नका. वेल्डिंग म्हणजे ठिणगीच, त्याची गफलत व्हायची.

पैसे न घालता एक तपासणी करता येते. जुना मिडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर असेल तर स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवून बोर्डाजवळ धरा, मग रॉड किंवा मशीन चालू करा. चालू करताना एकदा खर्रर्र झालं तर ठीक. सारखी तुटक खरखर येत राहिली आणि पिन हलवली की बदलली, तर तिथे काहीतरी ढिलं आहे. मोबाईलचे चार्जर आणि एलईडीचे दिवे आधी बंद करा, तेही रेडिओत आवाज करतात.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्याकडे एक विषय आहे. जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, पंचायतीची संगणकाची खोली. या इमारती बांधल्या तेव्हाचं वायरिंग आणि आजचा भार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून 10 बालकं गेली. चौकशी समितीने बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरमधल्या विजेच्या ठिणगीकडे बोट दाखवलं. एक ठिणगी, तीही दवाखान्यात. आपल्या अंगणवाडीच्या बोर्डाला झाकण आहे का, एवढं बघायला कुठल्या मंजुरीची वाट बघायची नाही. वायरिंग तपासायचं तर ते परवानाधारक वीज ठेकेदाराकडून, आणि टेस्ट रिपोर्टवर नुसती सही घेऊन नव्हे, मेगरने मोजून.

बांधावरच्या तारांची गोष्ट मात्र वेगळी आहे. घरातला कुठलाही ब्रेकर मीटरच्या अलीकडचं काही वाचवत नाही. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, उसावर झुकलेल्या तारा, वाऱ्याने एकमेकींवर आपटून फडात पडणारी ठिणगी, हे सगळं त्याच्या हद्दीबाहेर. फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेलं पाचट आणि सुटलेला वारा एकत्र आले की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. केंद्रीय सुरक्षा नियमांप्रमाणे शेतातल्या लघुदाब आणि 11 केव्हीच्या उघड्या तारा जमिनीपासून किमान 4.6 मीटर, म्हणजे साधारण 15 फूट उंच हव्यात. तुमच्या तारा बैलगाडीवरच्या माणसाच्या हाताला येत असतील तर महावितरणकडे लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या, आणि 1912 वर तक्रार नोंदवून तिचा नंबर अर्जावर लिहून ठेवा. गंज मात्र तारेखाली रचू नका, उंची कितीही असो.

आणि नको तो प्रसंग आलाच, तर आधी मेन स्विच. मग पाणी नव्हे, कोरडी माती किंवा वाळू. वीज बंद झाल्याची खात्री पटल्यावर पाणी. जनावरांची दावी कापायला कोयता गोठ्यात कायम एका ठरलेल्या जागी असू द्या. अंधारात, धुरात गाठी सुटत नाहीत.

आग विझल्यावर लगेच झाडलोट करू नका. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पोलीस आणि महावितरणचा माणूस येऊन पंचनामा होऊ द्या. विजेमुळे नुकसान झाल्याची चौकशी शासनाचे विद्युत निरीक्षक करतात, वीज कायदा 2003 च्या कलम 161 खाली. भरपाईच्या मागणीत पुष्कळदा त्यांच्याच अहवालावर सगळं येऊन ठेपतं. म्हणून जळालेली वायर, वितळलेलं सॉकेट, तुटलेल्या तारेचं टोक हे सगळं जागेवर ठेवा, फोटो काढा, हलवावंच लागलं तर पंचांसमोर पिशवीत बांधून ठेवा. तांब्याच्या तारेच्या टोकाला वितळून झालेला बारीक गोल मणी दिसला तर तो खास जपा. नुसत्या आगीने सहसा वायरीची लांबच्या लांब कड वितळलेली दिसते, ठिणगीने टोकाला असा मणी होतो. चौकशीला आलेला जाणता माणूस तो मणी शोधतच येतो.